स्नॅपच्या (किराण्यासाठीची सरकारी मदत) ईबीटी कार्डावर बाळाचा फॉर्म्युला (डब्याचं दूध) आणि बेबी फूड घेता येतं का? न्यू जर्सी

एडिसनची_आई

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. माझ्या नवऱ्याची नोकरी गेलीये, लेऑफमधे. तो एच वन बी या कामाच्या व्हिसावर ११ वर्षं काम करत होता आणि ग्रीन कार्ड गेल्या वर्षीच आलं, माझंही त्याच्याबरोबरच आलं. बाळ साडेचार महिन्यांचं आहे, इथेच जन्मलंय. अनएम्प्लॉयमेंटचे पैसे येतायत पण भाडं आणि गाडीचा हप्ता गेला की हातात फारसं काही राहत नाही. त्यात माझं दूध एकदम कमी झालंय, डॉक्टर म्हणाल्या टेन्शनमुळेही होतं असं कधीकधी, त्यामुळे आता बरंचसं फॉर्म्युल्यावरच चाललंय आणि ते डबे एवढ्या पटापट संपतात की दर वेळी दुकानात तो डबा उचलताना पोटात गोळा येतो.

शेजारच्या एक बाई म्हणाल्या स्नॅपला अप्लाय करा, सरकार ईबीटी कार्डावर दर महिन्याला पैसे टाकतं, त्या कार्डावर फॉर्म्युला मिळतो. पण दुसऱ्या कोणीतरी सांगितलं की ग्रीन कार्डला पाच वर्षं झाल्याशिवाय काहीच मिळत नाही. तिसऱ्याने सांगितलं असली मदत घेतली तर पुढे सिटिझनशिप अडकते. मग माझं डोकंच चालेना. विचारायचंय ते एवढंच की (१) स्नॅपवर फॉर्म्युला आणि बेबी फूड खरंच घेता येतं का, डायपरचं काय, (२) आम्हाला मिळू शकतं का, आणि (३) आई आणि लहान बाळांसाठी विक म्हणून जे काही आहे ते वेगळं आहे का, की दोन्हीपैकी एकच घ्यायचं असतं?

आणि हो, घरी भारतात अजून कोणाला सांगितलेलं नाही. असं कार्ड वापरायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

जर्सीसिटीची_मावशी

आधी तुझं शेवटचं वाक्य घेते कारण तेच सगळ्यात जड वाटलं. अगं तुझ्या नवऱ्याने ११ वर्षं इथे टॅक्स भरलाय. ही व्यवस्था अशाच वेळेसाठी आहे. आणि बाळ तर इथलं नागरिक आहे, त्याच्या तोंडात वेळेवर बाटली जाणं याच्यापुढे लोक काय म्हणतील याला काही किंमत नाही. मीही दोन वर्षं विक वापरलंय आणि मला कधी त्याची लाज वाटली नाही.

आता तुझे प्रश्न. स्नॅपवर फॉर्म्युला मिळतो, कुठल्याही ब्रँडचा. पावडर घे, लिक्विड घे, सोयवाला घे, काही बंधन नाही. बेबी फूडच्या बरण्या, पाऊच, सीरियल, ते तोंडात विरघळणारे पफ्स, सगळं मिळतं. साधी ओळख म्हणजे पाकिटाच्या मागे न्यूट्रिशन फॅक्ट्स असं लिहिलं असेल तर ते अन्न, ते चालतं. सप्लिमेंट फॅक्ट्स लिहिलं असेल तर चालत नाही. म्हणून व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स स्नॅपवर मिळत नाहीत, ते बाळाच्या डॉक्टरांकडून लिहून घे, मेडिकेडवर (सरकारी आरोग्य विमा) बऱ्याचदा मिळून जातात. डायपर, वाइप्स, बाटल्या, साबण यातलं काहीच स्नॅपवर नाही आणि विकवर पण नाही. डायपरसाठी २११ या मदतीच्या हेल्पलाइनला फोन कर आणि जवळची डायपर बँक विचार, आणि फूड पँट्रीत, म्हणजे जिथे फुकट किराणा देतात तिथेही विचारून बघ, बऱ्याच ठिकाणी असतात पण मागितल्याशिवाय देत नाहीत.

काउंटरवर काय होईल याची भीती वाटत असेल तर तेही सांगते. सगळं सामान एकत्रच ठेवायचं, डायपर पण त्यातच. कार्ड स्वाइप करून पिन टाकला की मशीन स्वतःच खाण्याच्या वस्तू वेगळ्या काढून तेवढेच पैसे घेतं, उरलेले तू तुझ्या नेहमीच्या कार्डाने द्यायचे. स्नॅपने घेतलेल्या वस्तूवर सेल्स टॅक्स लागत नाही. सेल्फ चेकआउटला पण चालतं. वॉलमार्ट, टार्गेट, ॲमेझॉन यांच्याकडून ऑनलाइन मागवता येतं, फक्त डिलिव्हरीचे पैसे स्नॅपमधून जात नाहीत म्हणून पिकअप घे.

विक पूर्ण वेगळा प्रोग्रॅम आहे आणि दोन्ही एकदम घेता येतात, हे बऱ्याच जणींना माहितीच नसतं. तुझ्या जागी मी असते तर उद्या सकाळी पहिला फोन विकच्या ऑफिसला केला असता, स्नॅपच्या फॉर्मच्या आधी. कारण फॉर्म्युल्याचा मोठा भार विक उचलतं. ते पैसे देत नाहीत, कार्डावर ठरावीक वस्तू लोड करतात, फॉर्म्युल्याचे इतके डबे, आईसाठी दूध, अंडी, कडधान्य, फळभाज्या असं. स्नॅप असेल किंवा बाळाला एनजे फॅमिलीकेअर (न्यू जर्सीचं मेडिकेड) असेल तर विकसाठी इन्कम वेगळं सिद्ध करावं लागत नाही, ते लेटर दाखवलं की झालं.

एक फरक मात्र लक्षात ठेव. विकवर प्रत्येक स्टेटने एका कंपनीशी करार केलेला असतो, कंपनी स्टेटला रिबेट देते आणि त्या बदल्यात साधारणपणे त्याच कंपनीचा फॉर्म्युला मिळतो, तोही नेमक्या त्याच साइझचा डबा. बाळ आत्ता दुसरा ब्रँड पीत असेल तर बदलावा लागेल. ॲलर्जी किंवा तसं काही मेडिकल कारण असेल तर डॉक्टरांकडून फॉर्म भरून आणायचा, मग स्पेशल फॉर्म्युला देतात.

पिस्कॅटवेकर

मावशींनी दुकानाचं सगळं नीट सांगितलंय, मी पाच वर्षांच्या भानगडीबद्दल सांगतो. मी इथल्या एका पँट्रीत शनिवारी लोकांचे फॉर्म भरून द्यायला बसतो आणि आपल्या लोकांचा याच ठिकाणी सगळ्यात जास्त गैरसमज असतो.

ताई, पाच वर्षांचा नियम खरा आहे पण अर्धाच सांगितलाय तुम्हाला. ग्रीन कार्डवाल्या मोठ्या माणसाला स्नॅपसाठी एकतर पाच वर्षं थांबावं लागतं किंवा त्याच्या नावावर सोशल सिक्युरिटीचे (पगारातून कापली जाणारी सरकारी पेन्शनची वर्गणी) ४० वर्क क्वार्टर्स, म्हणजे कामाच्या तिमाही, असावे लागतात. वर्षाला जास्तीत जास्त ४ क्वार्टर्स मिळतात, म्हणजे साधारण १० वर्षं काम. आणि एच वन बी वर सोशल सिक्युरिटी कापली जाते ना, मग ती सगळी वर्षं यात धरतात! तुमच्या मिस्टरांची ११ वर्षं झालीत म्हणजे त्यांचे ४० पूर्ण झालेले असण्याची शक्यता खूपच आहे. आपल्याकडच्या लोकांना ग्रीन कार्डसाठी इतकी वर्षं लाइनीत काढावी लागतात, त्या वाट बघण्याचा निदान एवढा तरी उपयोग होतो. आणि लग्न झाल्यापासून नवऱ्याने मिळवलेले क्वार्टर्स बायकोलाही मोजता येतात, म्हणजे लग्नाला किती वर्षं झाली त्यावर तुमचंही जमू शकतं. फक्त ओपीटीवर (शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावरच) असतानाची नोकरी यात सहसा धरू नका, कारण तेव्हा बहुतेकांची सोशल सिक्युरिटी कापली जात नाही.

सोशल सिक्युरिटीच्या साइटवर अकाउंट काढा, तिथे कुठल्या वर्षी किती कमाई नोंदली गेलीये ते दिसतं, त्याची प्रिंट काढून अर्जाला जोडा. काउंटीच्या सोशल सर्व्हिसेस ऑफिसमधल्या माणसाला हा नियम लगेच आठवेलच असं नाही, म्हणून आपणच शांतपणे सांगायचं, ४० क्वार्टर्सवर अप्लाय करतोय म्हणून. नाही म्हणाले तर लेखी मागा आणि फेअर हिअरिंग, म्हणजे त्या निर्णयावर सुनावणी मागा, तो तुमचा हक्क आहे.

आणि समजा दोघांचंही नाही जमलं तरी बाळ सिटिझन आहे, त्याच्या एकट्याच्या नावाने अर्ज करता येतो. आईबापांना मिळत नाही म्हणून बाळाचं थांबत नाही. इन्कम मात्र तुमचं धरतात. न्यू जर्सीत ग्रॉस इन्कमची मर्यादा फेडरल पॉव्हर्टी लेव्हलच्या (केंद्र सरकारची गरिबीची रेषा) १८५ टक्क्यांपर्यंत आहे, बऱ्याच स्टेट्सपेक्षा सैल आहे, आणि पात्र ठरलात तर महिन्याला कमीत कमी ९५ डॉलर तरी मिळतात, बाकीचा फरक स्टेट स्वतःच्या खिशातून भरतं. अनएम्प्लॉयमेंटचे पैसे इन्कम म्हणून धरले जातात, पण भाडं आणि युटिलिटीज नीट लिहा कारण त्याची वजावट मिळते आणि इथल्या भाड्यांमधे तीच वजावट मोठी असते. लोक घाईत तो रकाना रिकामा सोडतात. सोडू नका.

साधारण ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. पण इन्कम जवळजवळ नसेल आणि घरात रोख आणि बँकेत मिळूनही अगदीच थोडं उरलं असेल, किंवा त्या महिन्याचं भाडं आणि युटिलिटीज तुमच्या इन्कम आणि शिलकीपेक्षा जास्त होत असतील तर एक्स्पीडायटेड, म्हणजे तातडीचा निर्णय मागा, त्यात ७ दिवसांत कार्ड मिळायला पाहिजे. इंटरव्ह्यू बहुतेक फोनवरच होतो आणि इंग्रजीत अडखळायला होत असेल तर मराठी दुभाषा मागता येतो, फुकट.

सिटिझनशिपची भीती. नॅचरलायझेशनच्या, म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जात पब्लिक चार्जची (हा माणूस सरकारवर ओझं होईल का याची) परीक्षाच नसते. ती असते ग्रीन कार्ड मिळवताना, आणि तुमचं तर मिळून झालंय. फक्त ग्रीन कार्डवर सलग १८० दिवसांपेक्षा जास्त देशाबाहेर राहू नका, परत येताना प्रश्न निघू शकतात. ज्यांचा ग्रीन कार्डचा अर्ज अजून पेंडिंग आहे आणि हे वाचतायत त्यांनी मात्र माझ्या भरवशावर राहू नये. २०२२ च्या नियमात स्नॅप आणि विक धरत नाहीत, पण तो नियम मागे घ्यायचा प्रस्ताव २०२५ च्या नोव्हेंबरमधे सरकारने मांडलाय, म्हणून अर्ज करायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी किंवा लीगल एडशी बोलून घ्या.

अर्जात खरं तेच लिहा. एवढं केलं की घाबरायचं कारण नाही.

एडिसनची_आई

४० क्वार्टर्सचं वाचून नवऱ्याला हाक मारून दाखवलं, त्याने लगेच अकाउंट काढलं, सगळी वर्षं दिसतायत. लग्नाला आमच्या नऊ वर्षं झालीत, म्हणजे माझे कदाचित थोडे कमी पडतील पण त्याचे आणि बाळाचे तरी होतील. कसे आभार मानू कळत नाहीये. विकला फोन केला, पुढच्या आठवड्यातली अपॉइंटमेंट मिळाली.

तोपर्यंतचं विचारते. घरात एक उघडा डबा आहे आणि एक बंद. मी पावडर जरा कमी घालून पाणी जरा जास्त घालायचं ठरवत होते म्हणजे पुढच्या आठवड्यापर्यंत पुरेल. आणि सासूबाई कालच व्हिडिओ कॉलवर म्हणत होत्या की गाईचं दूध निम्मं पाणी घालून उकळून दे, आमची सगळी पोरं त्यावरच वाढली. चालेल का काही दिवस?

बालविभाग_नर्स

नाही! कृपया यातलं काहीच करू नका, म्हणून ड्यूटीवरून आल्या आल्या लिहितेय.

फॉर्म्युल्यात पाणी वाढवलं की बाळाच्या रक्तातलं सोडियम खाली जातं, एवढ्या लहान बाळाच्या किडनीला ते जादा पाणी बाहेर टाकता येत नाही आणि बाळाला झटके येऊ शकतात. हे पुस्तकातलं सांगत नाहीये, अशी बाळं हॉस्पिटलमधे येतात आणि आई चांगलीच असते, तिने पैसे पुरवायचा प्रयत्न केलेला असतो बिचारीने. डब्यावर जे माप आहे तेच, बहुतेक पावडरींना दोन औंस पाण्याला एक सपाट स्कूप असतो पण तुमच्या डब्यावर बघा, आधी पाणी मोजायचं मग पावडर. जाड करूनही द्यायचं नाही.

गाईचं दूध १२ महिन्यांच्या आत प्यायला नको. त्यात लोह जवळजवळ नसतं, लहान आतड्यांना त्रास होऊन थोडं थोडं रक्त जाऊ शकतं आणि प्रोटीन, क्षार किडनीला जड जातात. सासूबाईंच्या काळात दुसरा पर्याय नव्हता, त्या प्रेमानेच सांगतायत, पण तुमच्याकडे पर्याय आहे. नेटवर घरी फॉर्म्युला बनवायच्या रेसिपी फिरतात त्याही नको. आणि मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटवायला सुद्धा नाही, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो, घुटी वगैरे पण राहू दे.

मग पुढच्या आठवड्यापर्यंत काय करायचं? बाळाच्या डॉक्टरांच्या ऑफिसला सरळ फोन करून सांगा की फॉर्म्युला कमी पडतोय, त्यांच्याकडे सॅम्पलचे डबे असतात बऱ्याचदा. विकच्या ऑफिसलाही सांगा की घरात एवढंच उरलंय, अपॉइंटमेंट अलीकडे घेता येत असेल तर घेतात. फूड पँट्री आहेच. फेसबुकवर कोणी स्वस्तात डबे विकत असेल तर घेऊ नका, ते कुठे कसे ठेवले होते हे कळायला मार्ग नसतो, आणि विक किंवा स्नॅपचे डबे विकणं कायद्याने गुन्हाही आहे.

अगदी विकतच घ्यावा लागला तर दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा घ्या. किंमत खूप कमी आणि बाळाला काही कमी पडत नाही, कारण अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फॉर्म्युल्यात कुठली पोषकद्रव्यं किती हवीत हे १९८० च्या कायद्याने ठरवलेलं आहे, महागडा डबा असो की स्टोअर ब्रँड. बदलल्यावर दोनतीन दिवस शी जरा वेगळी होईल, गॅस होईल, तेवढं चालतं. उलट्या, रक्त, पुरळ असेल तर लगेच फोन.

वाया जाऊ नये म्हणून छोट्या छोट्या बाटल्या करा. तोंड लावलेली बाटली तासाभरात संपली नाही तर टाकून द्यावी लागते, पण बनवून लगेच फ्रिजमधे ठेवलेली, तोंड न लावलेली २४ तास चालते. उघडलेला डबा महिन्याभरात संपवा.

अजून थोडं जरी पाजत असाल तर विकमधे ते नक्की सांगा. फॉर्म्युल्यावरच असलेल्या बाळाच्या आईला बाळंतपणानंतर ६ महिनेच विक मिळतं, पाजणाऱ्या आईला वर्षभरापर्यंत मिळतं, आणि तिथे लॅक्टेशन कन्सल्टंट असते, ब्रेस्ट पंपही मिळू शकतो. किती डबे घेता त्यावर आईचं पॅकेज ठरतं म्हणून दोन्ही बाजूंनी नीट विचारून मगच ठरवा. दूध परत वाढूही शकतं, आशा सोडू नका, पण बाळाला उपाशी ठेवून नाही.

जर्सीसिटीची_मावशी

नर्सबाई म्हणतायत ते सगळं खरं. मला पुढचं एक सांगायचंय, कारण ते कोणीच आधी सांगत नाही आणि मग सहाव्या महिन्यात सगळ्या गोंधळतात.

पूर्ण फॉर्म्युल्यावरच्या बाळाला विक पहिले चार महिने साधारण ९ छोटे डबे देतं, पुढचे दोन महिने १० आणि सहा महिने पूर्ण झाल्यापासून ७. एका छोट्या डब्यात साधारण ९० औंस दूध होतं. आता हिशोब कर, तुझं बाळ दिवसाला ३० औंस पीत असेल तर महिन्याला ९०० औंस, म्हणजे १० डबे बरोब्बर. पण सहा महिने झाले की ते धरतात की बाळ आता वरचं खायला लागलं, म्हणून ७ डबे आणि त्यांच्याबरोबर बेबी सीरियल आणि फळभाज्यांच्या बरण्या. प्रत्यक्षात कुठलं बाळ सहा महिन्यांचं झालं म्हणून लगेच वाटीभर खातं? दोन चमचे खातं आणि तोंड फिरवतं. दूध तेवढंच लागतं. ही जी दोन तीन डब्यांची खोट पडते ती स्नॅपने भरायची. म्हणून स्नॅपचा अर्ज आत्ताच करून ठेव, तेव्हा धावपळ नको.

विकचं जे त्या महिन्यात वापरलं नाही ते महिना संपला की जातं. स्नॅपचं राहतं पुढच्या महिन्याला. म्हणून आधी विक वापरायचं, नेहमी. दुकानात एकाच वेळी दोन्ही असतील तर आधी विकचं कार्ड द्यायचं मग ईबीटी.

आणि वरचं खाणं सुरू करशील तेव्हा सगळं बरण्यांतलंच पाहिजे असं नाही. स्नॅपवर कुठलंही किराणा सामान चालतं, तांदूळ, मूगडाळ, नाचणीचं पीठ, रताळी, गाजर, केळी. आपल्या बऱ्याच इंडियन ग्रोसरीवाल्यांकडे ईबीटी चालतं, दारावर स्टिकर बघ किंवा काउंटरला विचार. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, नाचणीची पेज, घरी मिक्सरला फिरवलेलं रताळं, त्या बरण्यांच्या मानाने कितीतरी स्वस्त पडतं आणि बाळाला आपल्या घरची चव लागते. विकवरही आता नव्या नियमांप्रमाणे बरण्यांऐवजी ताज्या फळभाज्यांचे पैसे घेता येतात, विचारून घे.

बालविभाग_नर्स

यात भर एवढीच की मीठ साखर घालू नका वर्षाच्या आत, आणि फॉर्म्युला सुरूच ठेवायचा, खिचडी त्याच्या जोडीला. तांदळाचं सीरियल रोज रोज नको, तांदळात आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त येतं, एफडीएने (अमेरिकेचं अन्न आणि औषध खातं) २०२० मधे बेबी राइस सीरियलसाठी त्याची मर्यादाही घातली आहे. ओट्स, नाचणी, डाळी आलटून पालटून द्या. वर्ष झालं की साधं होल मिल्क, ते विकवर मिळतं. टॉडलर मिल्क म्हणून जे महाग डबे असतात ते निरोगी बाळाला लागत नाहीत, स्नॅपवर मिळतात म्हणून त्यात पैसे घालू नका.

एडिसनची_आई

डॉक्टरांच्या ऑफिसमधून दोन डबे मिळाले आजच, नुसतं विचारल्यावर. विकवाल्यांनीही अपॉइंटमेंट अलीकडे घेतली. स्नॅपचा अर्ज नवरा आत्ता भरतोय, भाड्याचा रकाना आधी भरायला लावलाय त्याला. सासूबाईंना मी फोन करून सगळं सांगितलं, नोकरीचं पण. त्या थोड्या वेळाने म्हणाल्या बाळाचं दूध बंद करू नकोस, बाकी बघू.

पिस्कॅटवेकर

छान झालं. कार्ड आल्यावर एक काम पहिल्याच दिवशी करा. ईबीटी कार्डांची चोरी फार चालते, दुकानाच्या मशीनवर स्किमर लावून नंबर आणि पिन उचलतात आणि पैसे जमा झाले की लगेच उडवतात. चोरीला गेलेले पैसे परत द्यायची फेडरल तरतूद २०२४ च्या डिसेंबरमधे संपली, म्हणून गेले की गेले असंच धरून चाला. पिन १२३४ किंवा जन्मसाल असला ठेवू नका, पैसे जमा व्हायच्या आदल्या दिवशी दर महिन्याला बदला, आणि तुमच्या कार्डाच्या ॲपमधे कार्ड लॉक करायची सोय दिसली तर खरेदीपुरतं उघडायचं, बाकी वेळ बंद. मशीनचा वरचा भाग हलवून बघायचा, सैल वाटला तर तिथे स्वाइप नाही करायचं. आणि फोनवर कोणीही पिन मागितला, काउंटीतून बोलतोय म्हणाला तरी, द्यायचा नाही. काउंटीवाले पिन कधीच विचारत नाहीत.

कागदपत्रांत काही अडलं तर इथेच लिहा, मी बघत असतो.